मांजरेकाठचा एक एकराचा खड्डा : माती आधी गेली, गोटा नंतर

लातूर जिल्ह्यात मांजरेच्या काठाला एका शेतकऱ्याचं अडीच एकर रान आहे. त्यातला एक एकर 2021 आणि 2022 अशा दोन उन्हाळ्यांत खोदून नेला. रस्त्याच्या भरावाला मुरूम पाहिजे होता. ठेकेदारानं रोख दिले, कोऱ्या मुद्रांकावर अंगठा-सही झाली आणि पोकलेन रानात उतरलं. मला तिथं बोलावलं ते 2024 च्या फेब्रुवारीत, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर. मी मृद्‌-जलसंधारणाची कामं आखून देतो. बांध, चर, नाल्याचे काठ हे माझं रोजचं काम. नदीकाठचा खड्डा पहिल्यांदाच हाती आला. गावाचं आणि ठेकेदाराचं नाव इथं देत नाही. शेतकऱ्याला अख्खं गाव अप्पा म्हणतं, मीही तेच म्हणतो.

पहिल्या दिवशी खड्ड्याच्या कडेला उभं राहून अप्पा एवढंच बोलले, "पैसे आले तव्हा रान दिसत व्हतं. पैसे सरले, आता नुसता खड्डा दिसायलाय."

काय खोदलं गेलं

कोणत्याही खाणीचा आराखडा जमिनीच्या थरांपासून सुरू करावा लागतो. इथं ते थर उभ्या कडेवर उघडे पडले होते, टेप लावून मोजायला सोपे. वरचा 1.2 मीटर काळी माती. त्याखाली 0.8 मीटर पिवळसर, चुनखडीच्या खड्यांनी भरलेला चिकट थर; गावात त्याला कोणी विचारत नाही. त्याखाली दोन मीटर गोटे आणि भरड वाळू. तळाशी मुरूम आणि काळा पाषाण.

हे गोटे आजच्या नदीनं आणलेले नाहीत. मांजरा पूर्वी जिथून वाहत होती तिथं ते थर साचले आणि वर पुराचा गाळ चढत गेला. लातूर जिल्ह्यात हरवाडीसारख्या ठिकाणी मांजरेच्या अशा जुन्या थरांतून हत्तीचे आणि पाणघोड्याचे जीवाश्म मिळाले आहेत. म्हणून पोकलेन चालवणाऱ्याला मी नेहमी सांगतो : दगडासारखं जड हाड दिसलं तर बकेट थांबव. गोट्याचा थर एकदा गेला की तो आपल्या आयुष्यात परत भरत नाही. नदीच्या पात्रातली वाळू पुरानं थोडीफार तरी येते, काठाखालचे हे गोटे येत नाहीत. पात्रातल्या उपशाचे नियम जसेच्या तसे काठाच्या रानाला लावून चालत नाही, ते यामुळेच.

खड्डा नदीच्या बाजूनं 80 मीटर लांब आणि आत 50 मीटर रुंद, म्हणजे चार हजार चौरस मीटर, जवळजवळ एक एकर. वरची काळी माती तेवढ्या क्षेत्राची 4,800 घनमीटर भरते. एक ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर, या हिशेबानं सुमारे 1,700 ब्रास. ती सगळी सर्वांत आधी उचलली गेली, आणि रस्त्यावर न जाता वीटभट्टीवर गेली. अप्पांना वाटलं होतं की माती बाजूला ठेवतील, खालचा मुरूम काढतील आणि माती परत पसरून देतील. तोंडी बोलणं तसंच झालं होतं. कागदावर मातीचा उल्लेखच नव्हता. गोटे आणि वाळू मिळून 2,800 ब्रासच्या आसपास गेले. मधला पिवळा थर मात्र कोणाला नको होता. तो 3,200 घनमीटर माल अप्पांच्याच उरलेल्या रानावर ढिगानं टाकून दिला, म्हणजे आणखी अर्धा एकर ढिगाखाली गेला.

परवानगीचं काय, असा प्रश्न कोणीही विचारेल. सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरच्या आतल्या गौण खनिजाच्या (वाळू, मुरूम, साधी माती असा माल) पट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी लागते असं बजावलं होतं. पण 28 मार्च 2020 च्या केंद्राच्या अधिसूचनेनं रस्ते, पाइपलाइन अशा लांबलचक कामांसाठी साधी माती काढायला त्या परवानगीतून सूट दिली. सर्वोच्च न्यायालयानं ती सूट 21 मार्च 2024 ला रद्द केली. अप्पांचं रान खोदलं गेलं ते बरोबर या दोन तारखांच्या मधल्या काळात. 'साधी माती' या दोन शब्दांखाली काळी माती, चुनखडी, गोटे आणि वाळू असे चार वेगळे माल गेले. खोदण्याआधी कोणी एक चाचणी खड्डा घेतला असता आणि थर लिहून काढले असते, तर पुढचा निम्मा गोंधळ झालाच नसता.

खड्डा म्हणजे शेततळं नव्हे

गावात बहुतेकांचं मत होतं की आता आहे तसंच राहू द्यावं. पाणी लागलंय, आयतं शेततळं झालं, मासे सोडा. 2023 चा पावसाळा मराठवाड्यात रडतखडत गेला आणि त्या हिवाळ्यात या खड्ड्यात पाणी होतं हे खरं. पाच मोटारी त्यावर बसल्या होत्या. मार्चमध्ये आजूबाजूच्या तीन विहिरींनी तळ गाठला, तेव्हा त्या शेतकऱ्यांना पाऊस कमी पडल्याचं कारण पुरेसं वाटलं. मला वाटलं नाही.

शेततळ्यात आपण वाहून जाणारं पाणी अडवतो आणि खाली कागद अंथरतो. इथं उलटं झालं होतं. गोट्याच्या थरातून त्या तिन्ही विहिरींना पाणी मिळत होतं, तोच थर उघडा पडला होता. भूजलाचं झाकण निघालं होतं. आपल्याकडे उघड्या पाण्यावरून वर्षाकाठी साधारण दोन मीटर पाणी उडून जातं आणि मराठवाड्याची पावसाळ्याची सरासरी आहे 679 मिलिमीटर. म्हणजे आभाळातून आलेलं जमेस धरूनही 1.3 मीटरची तूट राहते. हिवाळ्यात खड्ड्यातलं पाणी सुमारे 25 गुंठ्यांवर पसरलेलं असे. 2,500 चौरस मीटर गुणिले 1.3 मीटर म्हणजे 32 लाख लिटरच्या वर पाणी दरवर्षी नुसतं उन्हानं जात होतं. जलजीवनच्या माणशी 55 लिटरच्या हिशेबात ते 160 माणसांचं वर्षभराचं पाणी होतं. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्याच जिल्ह्यात आपण भूजल उघडं टाकून वाळवत होतो. हा हिशेब मी पारावर खडूनं लिहून दाखवला, तेव्हा मोटारवाल्यांपैकी दोघांनी स्वतःहून मोटारी काढल्या.

दुसरं मत होतं पूर्ण बुजवण्याचं. पिवळा ढीग परत टाकला तरी 12,800 घनमीटर कमी पडत होता. साडेचार हजार ब्रास, म्हणजे पाच ब्रासच्या हायवा डंपरच्या नऊशे खेपा. अप्पांना मिळालेल्या पैशात यातल्या मूठभर खेपाही बसल्या नसत्या. मग फुकटच्या मालाचे सल्ले आले. शहरातला बांधकामाचा राडारोडा. परळीच्या औष्णिक केंद्राची राख. दोन्हीला मी ठाम नकार दिला. ज्या खड्ड्याचा तळ भूजलात आहे आणि ज्यावरून पूर जातो, त्यात राख भरणं म्हणजे शेजाऱ्यांच्या विहिरीत राख टाकणंच. राखेचे इतर उपयोग असतील, असावेत. इथं नाही.

आठ मीटरची पट्टी

मला झोप येऊ देत नव्हती ती वेगळीच गोष्ट. खड्डा आणि नदी यांच्यामध्ये जेमतेम आठ मीटर रुंदीची पट्टी उरली होती. तिच्या एका अंगाला मांजरेचा काठ, दुसऱ्या अंगाला चार मीटर उभा कडा. पट्टीवर मी दहा-दहा मीटरवर लोखंडी खुंट्या ठोकल्या, नदीच्या कडेपासून प्रत्येकीचं अंतर वहीत लिहिलं आणि डम्पी लेव्हलनं उंच-सखल घेतलं.

पूर पट्टीवरून चढला आणि खड्डा रिकामा असला, तर पाणी चार मीटर खाली कोसळतं. पडणारं पाणी कड्याचा पायथा पोखरतं, कडा मागे सरकतो आणि काही तासांत पट्टी आतून बाहेर खाल्ली जाते. मग नदी खड्ड्यातूनच वाहू लागते. पुढचं नुकसान त्याहून मोठं. नदीचा तळ एका जागी अचानक खोल झाला की वरच्या अंगाचं पात्र तो खळगा गाठायला मागे मागे कापत जातं. वर मिळणारे नाले खोल होतात, पुलाचे पाये उघडे पडतात. आणि सगळा गाळ-गोटा खड्ड्यात बसल्यामुळे खाली जाणारं पाणी रिकाम्या हातानं जातं, ते खालचे काठ खातं. एका माणसाच्या एकरभर रानाचा प्रश्न वर-खालच्या चार गावांचा होतो तो असा.

गावाचा सरळ उपाय होता : पट्टीवर दोन मीटरचा बांध घाला. दिसायला तो भक्कम दिसतो. पण बांध घातला की पाणी आणखी वर चढून मग फुटतं, आणि फुटतं तेव्हा चारऐवजी सहा मीटर कोसळतं. म्हणून मी उलटं सुचवलं. बांध नको, दार ठेवू. खड्ड्याच्या खालच्या अंगाच्या कोपऱ्यात, जिथं पाणी जोरानं धडकत नाही तर फुगून मागे वळतं, तिथं दहा मीटर रुंदीचा सांडवा काढायचा. त्याचा माथा पट्टीपेक्षा दीड मीटर खाली. पूर चढू लागला की पाणी आधी तिथून, मागल्या दारानं, आत येईल. पट्टी बुडायच्या आधी खड्डा भरलेला असेल. दोन्ही बाजूंना सारखी पातळी असली की पट्टीवरून पाणी वाहतं, पण कोसळत नाही.

"नदीला घरात घ्यायला दार ठेवायलाव व्हय?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. प्रश्न रास्त होता, म्हणून त्याचंही गणित मांडलं. सांडव्यावरून अर्धा मीटर पाणी वाहू लागलं तर दहा मीटर रुंदीतून सेकंदाला सुमारे सहा घनमीटर आत येतं. आकार दिल्यावर खड्ड्याची पोकळी उरणार होती 11,000 घनमीटर. ती अर्ध्या तासात भरते. मांजरेला पट्टीपर्यंतचा उरलेला मीटरभर चढायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, हे त्या म्हाताऱ्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तो मान हलवून गप्प बसला.

तीन गुंठ्यांचा वाद

आराखडा थोडक्यात असा ठरला. 40 गुंठ्यांपैकी 10 गुंठे खोल पाणी राहू द्यायचं. जमिनीकडच्या बाजूला 14 गुंठ्यांचं सपाट पाऊल, म्हणजे पिकाखाली आणायची रुंद पायरी, तयार करायचं, मूळ रानापेक्षा दीड मीटर खाली. हिवाळ्यात भूजल अडीच मीटरवर असतं, म्हणजे मुळांना मीटरभर कोरडी जमीन मिळते. उरलेले 16 गुंठे उतार. उतार एकास तीन, म्हणजे मीटरभर खोलीला तीन मीटर आडवं. काळ्या मातीला त्याहून उभं ठेवलं की ती पूर चढताना नाही, उतरताना ढासळते. नदी खाली जाते, पण मातीच्या पोटात भिनलेलं पाणी तेवढ्या झटक्यात बाहेर येत नाही. आतून दाब, बाहेरून आधार नाही, आणि काठ बसतो.

चार मीटरला एकास तीन म्हणजे बारा मीटर रुंदी. निम्मी भरावानं मिळवली तरी सहा मीटर धडधाकट रान कापावं लागणार. जमिनीकडची बाजू अप्पांची, पण पूर्वेची 50 मीटर बाजू धाकट्या भावाच्या बांधाला लागून होती. तिथले तीन गुंठे कापायचे होते. बांध वीतभर सरकला तरी डोकी फुटतात त्या भागात मी तीन गुंठे मागत होतो.

"खड्डा त्यानं घेतला, पैसे त्यानं घेतले, अन्‌ माझा बांध कामून कापायलाव?" धाकट्याचं म्हणणं चूक नव्हतं. दोन बैठका फिसकटल्या. तिसऱ्या वेळी त्यांच्या थोरल्या बहिणीनं, गावात ज्यांना सगळे आक्का म्हणतात, दोघांना खड्ड्याच्या पूर्व कडेला नेलं. कडेपासून हातभर आत, धाकट्याच्या तुरीच्या ओळीत, जमिनीला लांब भेग गेली होती. हात घातला तर कोपरापर्यंत जात होता. आक्का म्हणाल्या, "तू दिलं न्हाईस तरी ते जाणारच हाय. देऊन जाऊ दे." अप्पांनी उरलेल्या रानातले तीन गुंठे धाकट्याला दिले आणि नंतर त्याचा रीतसर दस्त करून घेतला. नकाशा काढायला मला चार दिवस लागले होते. हे जुळायला दीड महिना गेला, आणि त्या दीड महिन्याची किंमत पुढे मोजावी लागली.

वापसा

काम एप्रिलच्या शेवटी सुरू झालं. डिझेलची वर्गणी विहिरीवाल्यांनी काढली. पिवळा ढीग आधी खाली गेला, फूटभराच्या थरांनी, प्रत्येक थरावरून पोकलेन फिरवून. ठेकेदारानं नाकारलेले मोठे गोटे एका बाजूला पडले होते, त्यांचं सांडव्याला पिचिंग, म्हणजे दगडी अस्तर, केलं. आतल्या बाजूचा उतार तिथं एकास पाच ठेवला.

मग पावलावर घालायला माती. विकत घ्यायची सोय नव्हती. दीड कोसावरच्या पाझर तलावाचा गाळ 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'मधून काढला जात होता, तो उचलला. 14 गुंठ्यांवर 45 सेंटिमीटरचा थर द्यायचा तर सुमारे 225 ब्रास लागतो, ट्रॅक्टरच्या तेवढ्याच ट्रॉल्या. अप्पांच्या मुलानं स्वतःच्या ट्रॅक्टरनं 160 आणल्या, तेवढ्यात तलावात पाणी आलं. राहिलेल्या भागात थर वीतभरच बसला. तलावाचा गाळ काळा दिसतो म्हणून ती काळी माती होत नाही. त्यात बारीक कण भरपूर, पण जीव कमी. पहिल्या पावसानंतर वर पापडी धरते. म्हणून साखर कारखान्यावरचा प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेली मळी, मिसळला आणि पहिल्या पावसाळ्यात पीक न घेता ताग पेरून फुलोऱ्याआधी गाडला.

शेवटचा तुकडा राहिला होता पूर्व उताराचा, तोच धाकट्याच्या बाजूचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात वळवानं झोडपलं. पोकलेन भाड्याचं, दिवस संपत आलेले. मी दोन दिवस थांबा म्हटलं, मग स्वतःच आकाशाकडे बघून हो म्हणालो. वापसा, म्हणजे चिखलही नाही आणि कोरडही नाही अशी बेताची ओल, नसताना काळी माती हलवू नये हे मी दहा वर्षं शेतकऱ्यांना सांगत आलोय. ओली काळी माती दाबली की ती बसत नाही, लोण्यासारखी सरकते. वाळली की भेगाळते आणि भेगांत पाणी शिरतं. हे माहीत असताना अकरा-बारा मीटरचा तुकडा आम्ही ओल्यात भरला.

पट्टीवर झाडं लावा असा आग्रह होता. तिथं मोठं झाड मुद्दाम टाळलं. अरुंद पट्टीवरचं झाड पुरात उन्मळलं तर मुळांसकट काठाचा लचका घेऊन जातं. वाळ्याच्या दोन ओळी आणि मध्ये निरगुडी लावली. वाळ्याचं मूळ सरळ खाली दोन-तीन मीटर जातं आणि माती बांधून ठेवतं. करंज आणि बांबू वरच्या रानाच्या कडेला, पुरापासून लांब. मनुष्यबळ पुरलं नाही म्हणून नदीकडची वाळ्याची ओळ निम्म्यावरच थांबली.

सप्टेंबर 2025

2024 च्या पावसाळ्यात पाणी सांडव्यापर्यंत एकदाच आलं. खरी परीक्षा 2025 च्या सप्टेंबरमध्ये झाली. त्या महिन्यात मराठवाड्यात जे झालं ते सांगायला नको. सिंदफणा, मांजरा, गोदावरी सगळ्याच नद्या रानांत शिरल्या. अप्पांचा मुलगा त्या रात्री बॅटरी घेऊन वरच्या बांधावर बसला होता. संध्याकाळी पाणी सांडव्यातून आत आलं, आवाज न करता. तासाभरात खड्डा नदीच्या पातळीला लागला. मध्यरात्रीनंतर पट्टी दिसेनाशी झाली. दोन दिवस नदी कुठं आणि रान कुठं कळत नव्हतं.

पाणी उतरल्यावर मी पोचलो तेव्हा पट्टी होती. सांडव्याचे चार-पाच गोटे हललेले, बाकी जागेवर. 14 गुंठ्यांच्या पावलावर चार बोटं नवा गाळ बसला होता, मऊ, तळहातावर घेतला तर रेघांत भरणारा. पूर्वेचा उतार मात्र घसरला होता. पूर चढताना काही झालं नाही, पाणी ओसरू लागल्यावर रात्रीतून अकरा मीटर लांबीचा तुकडा खाली बसला. ओल्यात भरलेला तेवढाच. त्याच्या दोन्ही अंगांचा कोरड्यात भरलेला उतार जसाच्या तसा. धाकट्यानं मला काहीच बोलून दाखवलं नाही, तेच जास्त लागलं. त्या उताराची दुरुस्ती मी माझ्या खर्चानं या जानेवारीत, पूर्ण वापशावर, करून दिली.

खालच्या एका गावात असाच खड्डा होता, त्याला कोणी हात लावला नव्हता. तो नदीनं घेतला. काठ आता चाळीस-पन्नास पावलं आत आलाय आणि वरचा नाला पुरुषभर खोल झालाय.

पुरानंतर शासनानं खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47,000 रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं जाहीर केली. नदीनं नेलेल्या मातीला पंचनामा आहे. माणसानं नेलेल्या मातीला नाही. अप्पांच्या सातबाऱ्यावर तो एकर अजून पूर्ण एकरच आहे, ई-पीक पाहणीत मात्र खड्ड्याचा फोटो काढून पीक लावता येत नाही, म्हणून 'पड' दाखवावं लागतं आणि पीककर्ज तेवढं कमी मिळतं. ठेकेदारानं जागा पूर्ववत करून द्यावी म्हणून दिलेल्या अर्जाला उत्तर आलेलं नाही.

रानाचं खरं उत्तर पिकानं दिलं. त्या खरिपात, पूर यायच्या आधी, पावलावर सोयाबीन होतं. जिथं गाळाचा थर दीड फूट होता तिथं ते गुडघ्याला लागलं. जिथं वीतभरच होता तिथं मुळं खालच्या चुनखडीत गेली आणि पानं शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा अशी झाली. चुनखडीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) फवारला, पंधरा दिवस हिरवं दिसलं, पुन्हा पिवळं. शेताच्या मधून जणू कोणी दोरी लावून रेघ मारली होती : 160 वी ट्रॉली जिथं संपली तिथं हिरवं संपलं. वीटभट्टीवर गेलेल्या 1,700 ब्रासपैकी 500 ब्रास जरी रानाच्या कडेला ढीग करून राहिली असती, तर अख्ख्या एकराला फूटभर माती मिळाली असती आणि ती रेघ पडली नसती. ढीग सहा फुटांच्या वर न्यायचा नाही, पावसाळ्यात वर ताग टाकायचा, एवढीच राखण. पाच हजार घनमीटरच्या घरातला माल मी हिशेबानं कुठून कुठून गोळा केला, पण ती माती कुठूनही मिळाली नाही.

दिवाळीनंतर दुसरा एक ठेकेदार धाकट्याकडे आला. त्याच्याही रानाखाली तेच गोटे आहेत आणि मुलीचं लग्न ठरलंय. धाकट्यानं त्याला कागद पुढे केला. काळी माती आधी निघेल आणि माझ्याच रानात राहील. पिवळं वेगळं, गोटा वेगळा. हिवाळ्यातल्या पाण्याच्या वरच खोदाई थांबेल. नदीकडून चाळीस मीटर हात लागणार नाही. अप्पांच्या बांधापासून पंधरा मीटर. एका वेळी दहा गुंठे, ते भरून माती पसरल्याशिवाय पुढचे दहा उघडायचे नाहीत. निम्मे पैसे आधी, निम्मे पहिलं पीक उगवल्यावर. ठेकेदार म्हणाला, अशा अटीवर या भागात कोणी रान घेत नाही. धाकटा म्हणाला, "मग ऱ्हाऊ द्या." तेवढ्या चाळीस मीटरनं आणि खोलीच्या अटीनं त्याचा गोटा निम्म्याच्याही खाली येतो, हे त्याला मी आधीच मोजून दाखवलं होतं. लग्नासाठी त्यानं सोसायटीचं कर्ज काढलंय. ते फेडायचं कसं, याचं उत्तर माझ्या आराखड्यात नाही.

मागच्या आठवड्यात पट्टीवरच्या खुंट्या पुन्हा मोजल्या. सात खुंट्यांशी काठ हातभरसुद्धा सरकलेला नाही. तिसरीपाशी, जिथं वाळ्याची ओळ अर्धवट राहिली होती, तिथं आठ मीटरची पट्टी 5 मीटर 40 सेंटिमीटर झाली आहे. मेअखेर तिथं पायथ्याला गोटे टाकून ओळ पुरी करायची आहे. वाळ्याची सहाशे रोपं अप्पांच्या सुनेनं परसात, खताच्या रिकाम्या गोण्यांत लावून ठेवलीत.